गॅलरीतली दाण्याची ताटली मी उतरवली. तुम्ही उतरवाल का?

कृष्णाकाठ (सांगली)
विश्रामबागेत आमच्या गॅलरीत तीन वर्षं ज्वारी-बाजरीची ताटली टांगलेली होती. परवा उतरवून माळ्यावर टाकली.

जानेवारीत एक होला कठड्यावर अंग फुगवून बसलेला दिसला. थंडी असेल म्हटलं. दुपारीही तिथेच. दाणा चोचीत घ्यायचा, मान ताणायचा, आणि दाणा परत खाली. छातीची पिसं लाळेनं ओली, चिकटलेली. दुसऱ्या दिवशी कुंडीमागे मेलेला सापडला. आठवड्यात आणखी एक गेला. तो मिरजेला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी चोच उघडून दाखवली: घशात पिवळसर, चक्क्यासारखा थर. म्हणाले, ट्रायकोमोनास. पारवे-होल्यांचा जुना आजार. माणसाला होत नाही. पण आजारी पाखरू गिळता न आलेला दाणा लाळेसकट ताटलीत टाकतं, तोच दाणा दुसरं उचलतं. पाण्याच्या भांड्यातूनही तसंच. आणि तो मरतुकडा होला शिक्र्यानं उचलला तर शिक्र्यालाही.

मी तीन वर्षांत ताटली किती वेळा धुतली? दिवाळीला. बस.

तेव्हा माझं मत: दाणे घालणं बंद करा. रविवारी सकाळी साडेसहाला घाटावरून हरिपूरपर्यंत चालत जा. खंड्या, टिटवी, धोबी, पाणकावळे सगळे भेटतात, आणि कुणालाही लाच द्यावी लागत नाही.

माळावरची सून
दादा, तुमचे पाय धड आहेत म्हणून हरिपूर सुचतं. माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेत. त्यांचं पक्षीनिरीक्षण म्हणजे खिडकी, आरामखुर्ची आणि समोरचं मातीचं परळ. कुठली चिमणी लंगडते, कुठली साळुंकी दादागिरी करते, सगळं त्यांना ठाऊक. एप्रिलच्या उन्हात पाखरं धापा टाकत येतात त्याचं काय? दोन होले मेले म्हणून सगळ्यांनी परळं उचलायची हा रोगापेक्षा इलाज भयंकर झाला. आणि आमच्याकडे रोज स्वच्छता असते.

कृष्णाकाठ
ताई, रोज धुता की रोज पुसता?

माळावरची सून
पुसते. फडक्यानं.

कृष्णाकाठ
तेच फडकं पाण्याच्या भांड्यालाही?

बागायतदार (तासगाव)
गंमत वाटते राव तुमची. तुम्ही दाणे घालून बोलावताय, आम्ही डबे वाजवून हाकलतोय. द्राक्षात साखर भरली की बुलबुल, साळुंक्या, पोपट हजर. एक मणी फोडला की त्यावर माशा, मग अख्खा घड नासतो. म्हणून जाळी लावली. एका पहाटे जाळीत पिंगळा अडकलेला. पंखाला पीळ बसलेला, डोळे वटारून बघतोय. कात्रीनं जाळी कापली तर माझंच बोट फोडलं त्यानं. उडाला मात्र. तेव्हापासून जाळी ताणून बांधतो, ढिली लोंबकळू देत नाही. ढिल्या जाळीतच पाखरू गुरफटतं.

सांगायचं हे की पाखरं उपाशी नाहीत. आमच्याकडं जेवतात. आणि चिमणी पिल्लाला ज्वारी भरवत नाही, अळ्या-किडे भरवते. तुमच्या ताटलीनं पिल्लं जगतात हा शहरी समज आहे. त्यापेक्षा परसातल्या कुंड्यांवर दर आठवड्याला औषध मारणं थांबवा.

सोसायटीचा सेक्रेटरी
पारव्यांबद्दल कुणी बोलणार आहे का? 2025 मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद करावा लागला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाते, कुणाकुणाला त्यानं कायमचा दम लागतो. तिसऱ्या मजल्यावरून मूठ-मूठ दाणे खाली टाकणारे पुण्यवान, आणि जिना मी झाडतो.

चोचीत काडी
धागाकर्त्याचं निदान पटतं, निकाल पटत नाही. ताटली दोषी नाही, न धुतलेली ताटली दोषी.

मी कसं करते ते सांगते. परळांचे दोन जोड आहेत. एक वापरात, एक उन्हात. हा जंतू ओलाव्यात टिकतो, खडखडीत वाळलं की मरतो, म्हणून ऊन हे अर्धं औषध. दर पंधरा दिवसांनी साबणानं घासून एक वाटी ब्लीच नऊ वाट्या पाण्यात घालून त्यात दहा मिनिटं बुडवते, मग भरपूर पाण्यानं खंगाळते, वास जाईपर्यंत. हे गच्चीवरच्या नळाखाली. स्वयंपाकाच्या सिंकमध्ये अजिबात नाही, कारण ट्रायकोमोनास आपल्याला होत नसला तरी पोट बिघडवणारा साल्मोनेला होतो. पाणी रोज बदलायचं. दाणे संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच घालायचे. सांगलीच्या पावसाळ्यात उरलेले दाणे दोन दिवसांत बुरसटतात. बुरशी लागलेले शेंगदाणे तर विषच, त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं. आणि कृपा करून फरसाण घालू नका. एवढं मीठ त्या एवढ्याशा जिवाला?

आजारी पाखरू दिसलंच तर मात्र दाणे आणि पाणी दोन्ही निदान दोन आठवडे बंद. गर्दी पांगली पाहिजे.

कृष्णाकाठ
पंधरा दिवसांनी ब्लीच करणारे शंभरात किती निघतील? मी नाही, हे मला आता माहीत आहे. ब्रिटनमध्ये हाच आजार 2005 पासून फिंच या चिमणीएवढ्या, दाणे खाणाऱ्या पक्ष्यांत पसरला, हिरव्या फिंचांची संख्या भयानक घटली. अमेरिकेत 1994 मध्ये घरफिंचांच्या डोळ्यांचा आजार उघडकीस आला, तोही ताटलीवरच्या गर्दीत फैलावतो. ते लोक तर शिस्तीचे म्हणवतात.

चोचीत काडी
म्हणून तुमच्या आळसाची शिक्षा सासूबाईंना?

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा)
ताटलीवर कोण येतं ते मोजा एकदा. पारवे, होले, चिमण्या, झालंच तर मुनिया. आमच्या परसात दाणे नाहीत. जास्वंद आहे, तिच्यावर शिंजीर येतो. उंबर आहे, त्यावर तांबट दिवसभर टुकटुक करतो. कोपऱ्यातलं गवत मुद्दाम वाढू दिलंय, त्यात वटवट्या. शेजारी त्याला उकिरडा म्हणतात, म्हणू देत. पाण्याचं पसरट भांडं आहे, रोज उपसून भरतो.

पण कृष्णाकाठ, तुमच्या पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. मागे एका फेरीला गेलो होतो. पंचवीस जण, पुढाऱ्याच्या हातात स्पीकर. हळद्याचा आवाज लावला. नर चवताळून आला, या फांदीवरून त्या फांदीवर, प्रतिस्पर्धी सापडेना. लोक फोटो काढून खूश. विणीच्या दिवसात त्याची ती वीस मिनिटं कुणी भरून देणार? पुढे शिंप्याच्या घरट्याचं पान एकानं फोटोसाठी बाजूला वळवलं. मी तिथूनच परत फिरलो.

कृष्णाकाठ
हे मान्य. आमच्यातही एक स्पीकरवाला आहे. आतापर्यंत त्याला कुणी बोललं नाही, मीही नाही.

वाटसरू
5 ते 12 नोव्हेंबर, चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला पक्षी सप्ताह, त्यात सगळे कॅमेरे बाहेर पडतात. तेराव्या तारखेला घाटावर कुत्रं नसतं.

चोचीत काडी
सूनबाई, तुमच्या सासूबाईंना एक काम द्या. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, भारतातही 2013 पासून. एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसतील ते मोजायचे. आरामखुर्ची चालते. दाणे असलेच पाहिजेत अशी अट नाही.

माळावरची सून
वाचून दाखवलं सगळं. पंधरा मिनिटं म्हटल्यावर हसल्या, मी पाच तास बसते म्हणाल्या. फडकं टाकून दिलं. कुंभाराकडून आणखी दोन परळं आणली. पण तुमचा लाळेचा किस्सा ऐकून त्यांनी स्वतःच सांगितलं, आमच्यातही एक होला चार दिवस फुगून बसतोय, मला वाटलं म्हातारा झालाय. म्हणून सध्या दोन्ही परळं बंद आहेत, पाण्याचंही. आज सहावा दिवस. सकाळी साळुंक्या काचेवर चोच मारतात आणि सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

तरी सांगते, पंधराव्या दिवशी मी परळ परत ठेवणार. धुऊन.

कृष्णाकाठ
ठेवा. माझी ताटली माळ्यावरच राहील. आणि तो फुगलेला होला उठला की नाही, ते कळवा.