पेरॉक्साइडचा मारा आणि जिवाणूंमधील लोह

परळची विद्यार्थिनी: मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. हायड्रोजन पेरॉक्साइड वाढताच ई. कोलाय हा जिवाणू लोहाची आवक घटवून मँगनीज का घेतो, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

दादरकर: फेरस लोहाशी पेरॉक्साइडची फेंटन अभिक्रिया होऊन डीएनएला इजा करणारा हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) तयार होतो, म्हणून खरा धोका मोकळ्या लोहाचा आहे. पेरॉक्साइडची चाहूल घेणाऱ्या ऑक्सिआर प्रथिनातील १९९ व २०८ क्रमांकांच्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये पेरॉक्साइडमुळे डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधील बंध) जुळला, की ते पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटालेजबरोबरच लोहाची आवक रोखणाऱ्या फर आणि लोह साठवणाऱ्या डीपीएस या प्रथिनांची जनुकेही कार्यान्वित करते. ही योजना मला फार सुंदर वाटते.

मुलुंडचा वाचक: मँगनीज आत आणणारा एमएनटीएच वाहकही ऑक्सिआरमुळेच वाढतो. काही विकरांत (एन्झाइममध्ये) लोहाच्या जागी मँगनीज बसते आणि पेरॉक्साइडपुढेही ती कार्यक्षम राहतात.

परळची विद्यार्थिनी: मनःपूर्वक आभार. फरची भूमिका आता नीट उमगली.