चेहऱ्याकडे जाणारा हात : बेळगाव सीमाभागातील अनुभव

‘डोळे, नाक, तोंड यांना हात लावू नका’ ही सूचना कोरोनाच्या काळात गावोगावच्या मराठी-कन्नड फलकांवर झळकत होती. ती पाळणे किती अवघड आहे, याची नोंद त्याआधीच झालेली होती. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे निरीक्षण करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांचा हात ताशी सरासरी २३ वेळा चेहऱ्याला लागत असल्याचे आणि त्यांपैकी ४४ टक्के स्पर्श थेट डोळे, नाक किंवा तोंडाला होत असल्याचे आढळले. संसर्गाचे शिक्षण घेणाऱ्यांची ही गत, तर आपली काय झाली? आपापला अनुभव लिहावा, ही विनंती.

निपाणी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी
माझी आई बिड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी कापलेली पाने आणि दोरा. अशी ती दिवसभर बसते, पण त्या वेळात तिचे बोट डोळ्यापर्यंत कधीच जात नाही. तंबाखूचा हात डोळ्याला लागला की किती झोंबते, हे तिला लहानपणीच कळलेले असल्याने घाम आला तर ती दंडाने कपाळ पुसते आणि डोळ्याला खाज आली तर मान वळवून खांद्यावरच्या पदराला डोळा घासते. टाळेबंदीत घरीच असल्याने मी मुद्दाम लक्ष ठेवले, तेव्हा एक गंमत दिसली. सूप बाजूला ठेवून हात धुतले रे धुतले, की तिचाही हात आमच्यासारखाच गालावर, नाकावर, हनुवटीवर फिरू लागे. संयम स्वभावात नव्हता, तो तंबाखूच्या धाकाने आलेला होता.

संकेश्वर, मिरची व्यापारी
तंतोतंत पटले. मिरचीचे देठ खुडणाऱ्या आमच्याकडील बायकांना ही सूचना कोणी द्यावी लागली नाही.

बेळगाव, बँकेतील रोखपाल
आमच्या काउंटरवर ओला स्पंज असतो, तरीही जिभेला बोट लावून नोटा मोजून देणारे ग्राहक साथीतही होतेच, आणि त्याच नोटा आम्हाला हाताळाव्या लागत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीच्या आरोग्य अधिकारी २०२० च्या आरंभी चेहऱ्याला हात लावू नका असे पत्रकारांना सांगत असताना, कागद उलटण्यासाठी त्यांनी स्वतःच बोट जिभेला लावले, ते जगाने पाहिले.

वडगाव, यंत्रमाग कामगार
मागाच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, त्यामुळे आम्ही समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेतो. मास्क आल्यावर तेच बंद झाले. मग काही सांगायचे असले की मास्क खाली ओढायचा, सांगून झाले की वर करायचा, आणि सुताचे तंतू नाकात गेले की पुन्हा आत बोट घालायचे. पूर्वी चेहऱ्याला लागत नव्हता एवढा हात मास्कमुळे लागू लागला.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका
मला कोरोनापेक्षा २०२३ च्या पावसाळ्यातील डोळ्यांची साथ अधिक आठवते, कारण त्या वेळी शाळा भरत होती. ‘डोळ्यांना हात लावू नका’ असे म्हणताच ज्यांचे डोळे ठणठणीत होते त्या मुलांचेही हात वर जात. नको म्हटले की खाज सुटतेच. शेवटी मी ते वाक्य वर्गात उच्चारणेच बंद केले आणि प्रत्येकाला स्वतःचा धुतलेला रुमाल हातात ठेवायला सांगितले. काही मुले ऐटीत काळे चष्मे घालून येत. डोळे आलेल्याकडे नुसते पाहिल्याने ती साथ लागत नाही, त्यामुळे पालकांचा चष्म्यामागचा हेतू चुकीचा होता. पण डोळ्याकडे निघालेले बोट काचेवर अडे, हा लाभ खरा.

चिकोडी, निवृत्त आरोग्य सेविका
कोरोना प्रामुख्याने हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे त्या काळात हातांवर जेवढा भर दिला गेला, तेवढा बंद खोलीतील गर्दीवर आणि खिडक्या उघड्या ठेवण्यावर द्यायला हवा होता, असे माझे मत आहे. डोळे येणे आणि सर्दी यांच्या बाबतीत मात्र हाताचा धोका आजही तितकाच आहे. चोवीस तास हात आवरणे कोणालाच जमत नाही, म्हणून मी घरोघरी जाताना एवढेच सांगत असे : बाहेरून आल्यावर आधी साबणाने हात धुवा, नखे कापा, आणि डोळे आलेल्या माणसाचा टॉवेल व उशीचा अभ्रा वेगळा ठेवा.