शेताखालचा दगड कुणाचा? आजोबांच्या जमिनीत बॉक्साईट आहे म्हणे

माळावरचा:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं आमची साडेचार एकर जमीन आहे, आजोबा जाऊन १९ वर्षं झाली तरी उताऱ्यावर त्यांचंच नाव, वारसा कुणी लावलाच नाही. निम्मा माळ, नांगर घातला की तांबडा दगड लागतो. आता एक एजंट काकांच्या मागे लागूलालाय, खाली बॉक्साईट (ॲल्युमिनियमचा कच्चा दगड) आहे, बाँडवर सही करा न् ॲडव्हान्स घ्या. काका म्हणतात जमीन आपली तर खालचंबी आपलंच की. खरंच तसं असतं काय?

जुना_बेळगावकर:
सही करू नका, आधी हे वाचा. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४, कलम ७०, खनिजाचा हक्क सरकारचा, आधीच्या कायद्यात किंवा सरकारनं जमीन देताना वेगळं लिहून दिलं असेल तेवढंच सोडून. आता कुणीतरी म्हणेल की २०१३ ला सुप्रीम कोर्टानं खनिज जमीनमालकाचं म्हटलंय. म्हटलंय, पण ती केस केरळच्या मलबारमधली, आणि तिथंसुद्धा कायद्यानं हक्क काढून घेतला नसेल तरच मालकाचा. आपल्याकडं कलम ७० आहे ना. शिवाय बॉक्साईट मोठं खनिज, २०१५ पासून त्याची लीज (खाणीचा भाडेपट्टा) सरकार लिलावानं देतं, मग हा एजंट बाँडवर नेमकं काय विकत घेणार ते त्यालाच विचारा.

पण एक बघा, जमीन इनामाची, म्हणजे जुन्या सरकारनं बक्षीस दिलेली होती का? आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मुंबईच्या १८७९ च्या कायद्यात सरकारनं खनिज राखून ठेवलं ते खालसा, म्हणजे इनाम न दिलेल्या जमिनीतलं. इनाम असेल तर जुने कागद वकिलाला दाखवाच, पुढं इनामं रद्द झाली तेव्हा काय झालं तेही त्यालाच तपासू द्या.

चिरेवाला:
माळावर जांभा (तो तांबडा दगड) असला म्हणजे बॉक्साईट असतंच असं नाही हो, एजंट लोक तांबडा दगड दिसला की हेच सांगतात. जांभ्याचे चिरे काढायचे असतील तर ते गौण (किरकोळ) खनिज, १९९४ चे वेगळे नियम आहेत. स्वतःच्या जमिनीतसुद्धा खाण खात्याचं लायसन लागतं न् रॉयल्टी भरावी लागते. आणि कुणाला लीज मिळालीच तर वरच्या जमिनीची भरपाई शेतकऱ्याला द्यावी लागते, १९५७ च्या खाण कायद्यात २४ए कलम आहे. तुमच्या हातात खरं तेवढंच, पण ते मागायला उताऱ्यावर नाव पाहिजे.

सीमाभागातली_सून:
आत्या किती आहेत? त्यांनापण हिस्सा आहे, काकांच्या एकट्याच्या सहीनं काही होत नाही. आमच्यात हेच विसरले न् सहा वर्षं कोर्टात घातली.

माळावरचा:
दोन आत्या, एक गडहिंग्लजला. काकांनी एजंटला सांगितलं बहिणींच्या पण सह्या लागतील, तेव्हापासून त्याचा फोन नाही. वारशाची अर्जी सोमवारी देतोय. माळ्यावरच्या पेटीत एक कागद सापडला, मोडीत आहे, सरकारी शिक्का आहे, इनामाचा असेल काय? बेळगावात मोडी वाचणारं कुणी आहे का?