सागाचा भुसा कॉस्टिक सोड्यात धुतला तरी पीपीची (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची) पट्टी कडकन मोडतेय, काय करू?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. खानापूरकडच्या सॉ मिलमधनं सागाचा भुसा आणून, चाळून, पीपीत घालायलोय, मिश्रणात भुसा 40 टक्के, रोपांच्या ट्रेसाठी. एकानं सांगितलं म्हणून भुसा 5 टक्के कॉस्टिकच्या पाण्यात दोन तास भिजवला, धुतला, उन्हात तीन दिवस वाळवला. तपासायला काढलेली पट्टी दिसायला झकास, पण हातानं वाकवली की कडकन मोडते आणि मोडलेल्या जागी बारीक बारीक भोकं दिसतात. कॉस्टिक 10 टक्के करून बघू काय? ऑर्डर हातातनं जायला नको म्हणून विचारतोय.

निपाणीची केमिस्ट:
10 टक्के अजिबात करू नका दादा. जादा कॉस्टिकनं लाकडाच्या तंतूतलं सेल्युलोजच फुगतं आणि तंतू कमजोर होतो, मग वर काय पण केलं तरी उपयोग नाही. ती भोकं आधी भिंगातनं बघा. कडा गुळगुळीत असतील आणि समोरच्या तुकड्यावर लाकडाची कुसळं अख्खी उभी असतील तर लाकूड तुटलेलं नाही, ते पीपीतनं निसटलंय. लाकडाच्या अंगावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) असतात, त्यांना पाण्याची ओढ, आणि पीपी पाण्याला जवळच करत नाही, तेव्हा दोघं शेजारी बसतात पण धरत नाहीत एकमेकाला. कॉस्टिकनं सागातला तेलकटपणा निघतो, थोडं लिग्निन, हेमिसेल्युलोज (लाकडातले तंतूंना बांधून ठेवणारे घटक) जातं, अंग खरखरीत होतं. सागाला ते हवंच, पण गाठ त्यानं बसत नाही. गाठीसाठी मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी लागतं, बाजारात एमएपीपी म्हणून दाणा मिळतो. त्याचं एक टोक लाकडाच्या हायड्रॉक्सिलला धरतं, बाकीची साखळी पीपीत गुंतते. लाकडाच्या वजनाच्या 5 टक्क्यांनी सुरू करा, म्हणजे 10 किलोच्या घाण्यात (एका वेळच्या मिश्रणात) 4 किलो भुसा असेल तर 200 ग्रॅम. ताकद वाढेल, पण नुसत्या पीपीसारखं लवचीक होणार नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

मच्छेचा मोल्डर:
ताई बोलल्या ते बरोबर आहे, पण मी म्हणतो उन्हातलं वाळवणं हाच अर्धा घोटाळा आहे. आपल्याकडं पावसाळ्यात उघडा भुसा 15 टक्क्यांच्या पुढं ओलावा धरतो, खानापूरला तर बघायलाच नको. आमचा पहिला घाणा असाच गेला, दाणा कापून बघितला तर आत पावासारखी जाळी, सगळी वाफ. आता ओव्हनमध्ये 105 अंशाला ठेवतो, तासातासानं वजन करतो, वजन उतरायचं थांबलं की गरम गरमच मशीनला. रात्रभर पोत्यात ठेवला तर परत ओल ओढून घेतो. मशीनचं बॅरल (प्लास्टिक वितळतं ती नळी) 190 अंशांच्या वर नेऊ नका, लाकूड करपायला लागलं की करपलेल्या गुळासारखा वास येतो, तो आला की समजायचं. आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भिजवू नका ओ, पातेलं खातंय आणि हायड्रोजन सुटतोय. स्टील नाहीतर प्लास्टिकचा पिंप घ्या, आधी पाणी आणि मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक, डोळ्याला चष्मा पाहिजेच.

उद्यमबागवाला:
ओव्हनमध्ये वाळवला, भुसा पाणी न्यूट्रल होईपर्यंत धुतला, एमएपीपी पण 5 टक्के घातलं. जाळी गेली, पण ताकद म्हणावी तशी वाढली नाही. आता सिलेन (लाकूड-प्लास्टिक जोडायला वापरतात ते सिलिकॉनचं रसायन) लावू काय? एका पार्टीनं भाव दिलाय, महाग आहे.

निपाणीची केमिस्ट:
सिलेनला पैसे घालू नका. इपॉक्सी, पॉलिएस्टरला त्याचा चांगला उपयोग होतो, पण पीपीत नुसतं भुशाला चोळून फारसं हाताला लागत नाही. ॲसिटिलेशननं, म्हणजे हायड्रॉक्सिलवर ॲसिटिल गट बसवून, लाकूड पाणी कमी ओढतं खरं, पण त्याला लागणारं ॲसिटिक अनहायड्राइड तुमच्या शेडमध्ये हाताळायची वस्तू नाही. मला एकच सांगा, माल सुटायला लुब्रिकंट कुठलं घालताय? झिंक स्टिअरेट?

उद्यमबागवाला:
हो, 1 टक्का. कायम तेच घालतोय की, त्याचा काय संबंध?

निपाणीची केमिस्ट:
मग तिथंच अडलंय. झिंकसारख्या धातूचं स्टिअरेट एमएपीपीतल्या अनहायड्राइडशी जाऊन भिडतं, आणि लाकडाला धरायला जे टोक हवं ते आधीच खर्ची पडतं. म्हणजे तुम्ही एका हातानं महाग दाणा घालताय आणि दुसऱ्या हातानं तोच बाद करताय. धातू नसलेलं लुब्रिकंट घ्या, ईबीएस (एथिलिन बिस-स्टिअरामाइड) वॅक्स नाहीतर एस्टरवालं. बाकी काही बदलू नका, तेवढं एकच बदलून पट्ट्या काढा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

उद्यमबागवाला:
ईबीएस घालून काल घाणा काढला. पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवली, मोडली, पण मोडायला चांगलाच जोर लागला. भिंगातनं बघितलं तर भोकं अगदी थोडी, कुसळं पीपीच्या बरोबरीनं तुटल्यात. सहा पट्ट्या टेन्साइलला (ओढून तोडायच्या चाचणीला) देतोय, आकडे आले की इथंच टाकतो.