पंधरा वर्षं जुनी एसयूव्ही, मागे दोन टनांचा ट्रेलर, १४०० किमी: तयारी काय करावी?

कातारी
नमस्कार मंडळी. लेथ, ड्रिल प्रेस, वर्कबेंच आणि हत्यारांच्या पेट्या असं माझं छोटं वर्कशॉप दुसरीकडे हलवायचं आहे. अंतर १४०० किमी, मध्ये एक मोठा घाट. ट्रक करायचा विचार होता, पण दोन आसांचा ट्रेलर घरचाच आहे. गाडी चेसिसवाली डिझेल एसयूव्ही, ५ गिअरची ऑटोमॅटिक, वय १५ वर्षं, २ लाख १० हजार किमी झालेले. गाडीच्या पुस्तकात ब्रेकवाला ट्रेलर २५०० किलोपर्यंत चालेल असं लिहिलंय. माझा माल ट्रेलरसकट अंदाजे १८०० भरेल, म्हणजे तसा वाव आहे.

मनात आहे ते असं: इंजिनचं रीमॅप करून थोडी ताकद वाढवावी, मागच्या स्प्रिंगमध्ये एअर बॅग टाकाव्यात, टायर नवे घ्यावेत. अजून काय? जाणकारांनी सांगावं.

पाना१३
रीमॅप विसरा. पंधरा वर्षांच्या गिअरबॉक्सला जास्तीचा टॉर्क पाजून वर ट्रेलर लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चाबूक मारून दुप्पट ओझं ओढायला लावणं. ताकद कमी पडली तर गाडी घाटात सावकाश चढेल, एवढंच. तुमचा खरा प्रश्न ती तापेल का आणि थांबेल का, हा आहे.

आणि "अंदाजे १८००" हे वाक्य मी आजवर पन्नास वेळा ऐकलं असेल. काट्यावर तो आकडा कधीच टिकत नाही. आधी वजनकाट्यावर जा, खर्चाचं मग बघू.

तेलकट_हात
पाना१३ ला +१. काट्यावर तीन वजनं करायची:

पहिलं, ट्रेलर न जोडता, पण प्रवासात असतील तेवढी माणसं, सामान, डिझेल असलेली गाडी. दुसरं, ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर. तिसरं, जोडलेलाच ठेवून फक्त ट्रेलरची चाकं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरच्या नाकाचा तुमच्या बॉलवर (गाडीच्या मागच्या हिचवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) पडणारा भार मिळतो, म्हणजे टंग वेट. दुसरं आणि तिसरं मिळून सगळ्या वरातीचं वजन.

मग पुस्तकातल्या चार आकड्यांशी ताडून बघा: ट्रेलरची मर्यादा, बॉलवरच्या उभ्या भाराची मर्यादा, गाडीचं कमाल वजन आणि गाडी-ट्रेलर मिळून कमाल वजन. लोक पहिला आकडा बघून खूश होतात. अडकतात ते बाकीच्या तिनांत.

कातारी
काट्यावर जाऊन आलो. थोडं ओशाळायला झालंय.

गाडी एकटी २६०० किलो (आम्ही दोघं, हत्यारं, वरचं कॅरिअर, पुढचा लोखंडी गार्ड धरून). ट्रेलर जोडून गाडीची चाकं २९००. ट्रेलरची चाकं २०४०. म्हणजे ट्रेलर २३४०, टंग वेट ३००, सगळं मिळून ४९४०.

पुस्तकात गाडीचं कमाल वजन २७५०, बॉलवर २५०, एकत्रित ४९००. ट्रेलर २५०० च्या आत आहे, पण बाकी तिन्हीत नापास.

पाना१३
ओशाळू नका, काट्यावर जाणारेच कमी असतात.

घाटवाट
मी घोड्यांचा ट्रेलर ओढते, तेव्हा टंग वेटबद्दल थोडं सविस्तर. बॉलवर बसणाऱ्या कपलरने (ट्रेलरच्या नाकावरचा टोपीसारखा भाग) जोडलेल्या अशा जड ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर हवा. कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. एकदा रिकाम्या ट्रेलरमध्ये पाण्याचे ड्रम घालून निघाले होते. मागचं दार उघडायला सोपं म्हणून ते सगळे मागेच ठेवले. उतारावर ९० च्या वेगात शेजारून मोठी बस गेली आणि ट्रेलर डोलायला लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. त्या वेळी ब्रेक दाबावासा वाटतो, स्टिअरिंग उलटं फिरवावंसं वाटतं, आणि ही दोन्ही कामं करायची नसतात. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने चालणारा कंट्रोल असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. मागून खेचल्यासारखा तो सरळ होतो. माझ्याकडे तो कंट्रोल होता म्हणून आज इथे लिहितेय.

तेव्हा कातारी, बॉलची मर्यादा पाळायची म्हणून सगळं सामान मागे ढकलू नका. थोडा माल उतरवून ट्रेलर २२०० वर आणलात तर तुमच्याकडे २२० ते २५० एवढीच फट आहे, त्यात बसवायचंय. अरुंद आहे, पण बसतं.

तेलकट_हात
हिशेब सोपा आहे. बॉलपासून ट्रेलरच्या दोन आसांच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ३.६ मीटर. ९०० किलोचा लेथ २० सेंटिमीटर मागे सरकवला तर नाकावरून ९०० × ०.२ ÷ ३.६ = ५० किलो उतरतात. वीतभर सरकवण्यात एवढा फरक.

तसाच हिशेब गाडीचा. बॉल मागच्या आसाच्या मागे असतो, त्यामुळे तिथलं वजन तरफेसारखं काम करतं. दोन आसांमधलं अंतर २.८ मीटर आणि बॉल मागच्या आसापासून १.२ मीटरवर धरला, तर नाकावरचे ३०० किलो मागच्या आसावर जवळपास ४३० होऊन पडतात आणि पुढच्या आसावरून १३० उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक कमी धरतात आणि हेडलाइट झाडांवर पडतो, ते यामुळे.

एअर बॅगने मागचा भाग वर येईल, फोटोत छान दिसेल, पण ते १३० किलो पुढे परत येत नाहीत. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं, तिच्या स्प्रिंग बार भार पुढे ढकलतात. मात्र तुमच्या गाडीला आणि ट्रेलरच्या कपलरला ती चालते का हे दोन्हींच्या पुस्तकात बघूनच घ्या. आणि या दोन्हींपैकी काहीही बसवलं तरी गाडीची कमाल मर्यादा एक किलोनेही वाढत नाही.

कातारी
लेथचं हेडस्टॉक (मोटर-गिअरचं जड डोकं) कुठल्या बाजूला ठेवू? सगळं वजन तिथेच आहे.

लोखंडी_बेड
माझा आवडता विषय! लांबीच्या दिशेने, हेडस्टॉक पुढे, आसांच्या किंचित पुढे येईल असं. लेथ डोक्याने जड असतो, उभा ठेवून नुसता आवळला तर वळणावर कलंडू शकतो. पायाखाली दोन जाड लाकडी ओंडके आडवे बोल्ट करून पाया रुंद करा आणि ते ओंडके ट्रेलरच्या फ्रेमला बांधा. टेलस्टॉक आणि सॅडल (बेडवर सरकणारे दोन भाग) शेपटीकडे नेऊन लॉक करा. रॅचेटचे पट्टे बेडवरून घ्या. लीडस्क्रू किंवा फीड रॉडवरून (बेडसमोरचे लांब दांडे) पट्टा गेला तर तिकडे पोचल्यावर लेथ भंगारातच. चक (काम पकडणारा जबडा) काढून वेगळं न्या.

पाना१३
आता गाडीकडे येऊ. माझा क्रम असा.

रेडिएटर. या वयात तो बदलाच, विशेषतः गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर त्याच्या टाकीच्या आत असेल तर. आतली नळी सडली की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं आणि मग रेडिएटरच्या कितीतरी पट खर्चाचं दुखणं होतं. सोबत होज पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटर कॅप. कॅप ही लोकांना क्षुल्लक वस्तू वाटते, पण कूलंट दाबाखाली असतं म्हणूनच उशिरा उकळतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १ बारच्या धडधाकट कॅपखाली जवळपास १३० पर्यंत तग धरतं. कॅपचा स्प्रिंग ढिला झाला की ही सगळी सवलत गेली.

व्हिस्कस फॅन. गरम इंजिन बंद केल्यावर (बंद केल्यावरच!) पंखा हाताने फिरवून बघा. गरगर फिरत राहिला तर कपलिंग संपलंय. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसलेली माती आणि किडे इंजिनच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढा. प्रेशर पंप नको, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात.

गिअरबॉक्स. वेगळा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कूलर बसवा, रेडिएटरच्या कूलरनंतर. तेलाचं तापमान दाखवणारा काटाही लावा, कारण इंजिनचा काटा मध्यावर असताना गिअरबॉक्स आतून भाजत असू शकतो. ८० ते ९५ अंश उत्तम. १२० च्या पुढे जाऊ लागलं की थांबायची वेळ झाली. तेल बदलताना मशिन लावून फ्लश करू नका, खालून सोडा, भरा, काही दिवस चालवा, परत सोडा. असं दोन-तीनदा. सोडलेलं तेल काळं असेल आणि जळका वास येत असेल, किंवा पॅनमध्ये धातूची चमकी दिसली, तर हा बेतच रद्द करा आणि ट्रक करा.

डिफरन्शिअलचं तेल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, इंटरकूलरचे होज हे ओघानेच. टायमिंग बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला ते बिलावर बघा, आठवणीवर जाऊ नका.

कातारी
चालवताना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पाचवा गिअर, बंद ठेवायचा का? काही जण म्हणतात डिझेल जास्त जाईल.

पाना१३
जाऊ दे. चौथा-पाचवा, चौथा-पाचवा असं गिअरबॉक्स सतत चाचपडत राहिला की टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) लॉक सुटतं आणि उष्णता तिथेच तयार होते. वेग तोच असताना टॅकोमीटर एकदम दोनशे-तीनशेनं वर गेला की समजा लॉक सुटलं. चौथ्यात राहा. चढावर इंजिनचा काटा सरकू लागला तर एसी बंद, हीटर फुल. बसायला नरक, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, टर्बोला दोन-तीन मिनिटं द्या.

घाटवाट
चढाचं सगळे बोलतात, उताराचं कोणी बोलत नाही. साडेचार टनांची वरात ६०० मीटर उंचीवरून खाली आणायची म्हणजे २६ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा. तेवढ्यात जवळपास ८० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. काही वारा आणि टायर खातात, बाकी इंजिन आणि ब्रेक. आणि डिझेलचं इंजिन ब्रेकिंग पेट्रोलपेक्षा मुळातच दुबळं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच, खालचा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून घसरत येऊ नका. घट्ट दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलं झालेलं १५५ पर्यंत उतरू शकतं. उकळलं की पेडल थेट तळाला. शेवटचं कधी बदललं?

कातारी
आठवत नाही.

घाटवाट
म्हणजे उत्तर मिळालं. ट्रेलरचे ब्रेकही उघडून बघा, लायनरवर ग्रीस आलेलं असतं बरेचदा. सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारख्या आडव्या-तिडव्या लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक त्यांच्यावर झेललं जातं. ट्रेलर तुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे केबल चेनला नाही, गाडीला अडकवा.

लोखंडी_बेड
बॉलचं माप बघितलंत? ५० मिलिमीटर आणि २ इंच या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २ इंच म्हणजे ५०.८. पाऊण मिलिमीटरचा फरक लेथवाल्याला मी काय सांगू! २ इंची कपलरमध्ये ५० चा बॉल खडखडतो आणि झिजलेला असेल तर उसळीला निसटतो. हिच चेसिसला जिथे बोल्ट केलीय तिथला गंज पण हातोडीने ठोकून बघा.

तेलकट_हात
टायर: गाडीला लोड इंडेक्स बघून घ्या (११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो). ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी वयाने मरतात. बाजूच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१८ असतील तर २०१८ चा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे असतील तर या प्रवासाला नकोत. हवा थंड टायरमध्येच तपासायची. ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, आणि भरलेला ट्रेलर उचलेल असा जॅक. गाडीचा जॅक बहुतेक तिथे पोचणारच नाही.

बेअरिंग काढून धुऊन नवं ग्रीस भरा, एक बेअरिंग सेट सोबत ठेवा. आणि वेग ८०. शंभरच्या मानाने थांबवायची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त कमी होते.

कातारी
तीन आठवड्यांनी परत आलो. रीमॅप आणि एअर बॅग दोन्ही रद्द. ते पैसे रेडिएटर, एटीएफ कूलर, ब्रेक आणि ट्रेलरच्या टायरांत गेले. एटीएफ पहिल्यांदा काळपट निघालं, पण वास नव्हता, चमकी नव्हती. दुसऱ्यांदा बरंच लाल.

गाडीवरचं कॅरिअर, गार्ड आणि निम्मी हत्यारं उतरवली. ट्रेलरमधल्या १४० किलोच्या पेट्या नंतर कुरिअरने येतील. लेथ २० सेंटिमीटर मागे घेतला. परत काटा: गाडी २४४०, ट्रेलर २२००, टंग वेट २३०, गाडी जोडून २६७०, एकूण ४६४०. पास.

काल पूर्ण भाराने ६० किमी चाचणी घेतली, एका चढासकट. एटीएफ ९८ च्या वर गेलं नाही. परतल्यावर चाकांचे नट तपासले तर दोन जरा ढिले. हबला हात लावून बघितले, तीन कोमट आणि मागचा डावा चटका बसेल इतका. बेअरिंगचा नट मीच जास्त आवळला होता. सोडून परत बसवला, आज पुन्हा ३० किमी फिरवलं, चारही सारखे. गुरुवारी पहाटे निघतोय.

पाना१३
त्या हबला कॉटर पिन (बेअरिंगचा नट सुटू न देणारी) नवी टाकलीत ना? जुनी सरळ करून परत घातली असेल तर आत्ताच उठा.

कातारी
उठलो. बदलली.