डेंटिस्टमधला दंत

आत्या: डेंटिस्ट म्हणजे आपला दंतच की! इंग्रजांनी संस्कृतातूनच उचलला असणार.

काका: पाद-फूट, भ्रू-ब्राउ, जानु-नी. सगळं आपल्याकडूनच गेलंय.

मी: काका, नातं खरं आहे, पण ते मायलेकींचं नाही, बहिणींचं आहे. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी या सगळ्या एकाच जुन्या मूळ भाषेच्या लेकी. आत्या, तुझ्याच शब्दाकडे बघ. डेंटिस्ट मुळात लॅटिनमधून आलेला, म्हणून त्यात ड राहिला. इंग्रजीचा घरचा शब्द टूथ. संस्कृत द तिथे ट होतो: दंत-टूथ, द्वि-टू, दश-टेन. तसाच प चा फ: पाद-फूट, पितृ-फादर. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने हे १८२२ मध्ये नियम म्हणून मांडलं.

दादा: पण मूळ भाषा कुठे लिहिलेली सापडली आहे का?

मी: नाही. लेकींवरून आईचा चेहरा जुळवायचा. म्हणून असल्या जुळवलेल्या शब्दांपुढे तारांकन (*) देतात. मला सगळ्यात पटतो तो यकृताचा पुरावा. काका, यकृत् ची षष्ठी?

काका: यक्नः. शकृत् म्हणजे शेण, त्याचंही शक्नः तसंच. पाठ करताना जाम घोळ व्हायचा.

मी: तोच घोळ मोलाचा आहे! प्रथमेत र, षष्ठीत न. लॅटिनमध्ये यकृताला येकुर, षष्ठी येकिनोरिस. तिथेही षष्ठीत मध्येच न डोकावतो. शब्द उसना घेता येतो हो, पण त्याची असली विचित्र रूपं कोण कशाला घेईल? ती आईकडूनच येतात. हेपटायटिसमधलं ग्रीक हेपार हेही याच घरातलं.

आत्या: आणि हृदय?

मी: तिथे जरा अडतं. लॅटिन कोर्दिस, ग्रीक कार्दिया. त्या क समोर संस्कृतात श हवा, जसं शंभरसाठी लॅटिन केन्तुम, संस्कृत शतम्. पण आहे ह. हरवलेला श 'श्रद्धा' या शब्दात सापडतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. श्रद् + धा, म्हणजे हृदय ठेवणं. लॅटिनमध्ये 'विश्वास ठेवतो' याला क्रेडो, तोही असाच बनलेला.

आत्या: अगं, रोज म्हणते मी हा शब्द!

काका: मग हस्त-हँड तरी पक्कं ना?

मी: नाही काका, तीच जोडी फसवी. संस्कृतातल्या असल्या ह समोर इंग्रजीत ग येतो, हंस-गूज बघा. हस्तची खरी भावंडं म्हणजे ग्रीक खेइर आणि हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेतला केस्सर.