१६० पौंडांचा हिशोब: रॉबिन्सन, मॉन्झॉन, हॅगलर की गोलोव्किन?

कोपऱ्यातलं_स्टूल (प्रश्न)

बॉक्सिंगच्या हेवीवेट गटातल्या 'अली की माईक टायसन' वादात मला आता रस उरलेला नाही. त्या गटाला वरून मर्यादाच नाही. रॉकी मार्सियानो १८५ पौंडांच्या आसपास लढायचा, म्हणजे आज तो २०० पौंडांच्या आतल्या क्रूझरवेटमध्ये मोडला असता. टायसन फ्युरी २६० च्या पुढे. तिथे तुलना करणार तरी कशी?

मिडलवेटचं तसं नाही. १६० पौंड म्हणजे १६० पौंड, तेव्हाही आणि आजही. काटा एकच, मग उत्तर सरळ निघायला हवं. पण आमच्याकडे दादाशी अबोला धरायची वेळ आलीय. तो म्हणतो शुगर रे रॉबिन्सन, विषय संपला. मी गोलोव्किनच्या लढती रात्र रात्र जागून पाहिल्यात. सलग २३ नॉकआउट! किताब सलग २० वेळा राखला. त्याच्या आधीच्या विजेत्या हॉपकिन्सनेही २० वेळा. सत्तरच्या दशकातल्या मॉन्झॉनने १४, ऐंशीच्या दशकातल्या हॅगलरने १२. हे आकडे समोर ठेवले की दादा नुसता हसतो आणि म्हणतो, "तेव्हा फेऱ्या पंधरा असायच्या, आता बारा."

आकड्यांवर ठरत नसेल तर कशावर ठरवायचं? 'मला हा आवडतो' छाप उत्तरं नकोत, कारण द्या.

पाचवी_फेरी

दादांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे.

१ मे १९५७, शिकागो. समोर जीन फुलमर. त्याला तोवर कुणीही नॉकआउट केलेलं नव्हतं, आणि चारच महिन्यांपूर्वी त्याने रॉबिन्सनकडून किताब हिसकावला होता. पाचव्या फेरीत रॉबिन्सन आधी उजव्या हाताने पोटाकडे मारतो, फुलमरचं लक्ष खाली जातं, आणि मग तो डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, येतो. आखूड, खांदाही फारसा न फिरवता. फुलमर उठायचा प्रयत्न करतो, पण पाय ऐकत नाहीत. रॉबिन्सन तेव्हा छत्तिशीला टेकलेला होता. त्या वयात जो हे करतो, त्याच्यासमोर तिशीतला गोलोव्किन उभा करा नाहीतर आणखी कुणी, मला फरक पडत नाही.

तिसरी_जज

मी हौशी बॉक्सिंगमध्ये जज म्हणून बसते, त्याआधी काही वर्षं स्वतः लढले. त्यामुळे माझं उत्तर जरा रुक्ष वाटेल.

'काटा एकच' इथूनच गडबड सुरू होते. रॉबिन्सन आणि मॉन्झॉनच्या काळात वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. सकाळी १६० भरलेला माणूस रात्री रिंगमध्ये फार तर थोडा जड असायचा. शरीरातलं पाणी उतरवून काट्यावर चढायचं आणि मग भरून काढायचं, याला वेळच नसायचा. आता वजन आदल्या दिवशी होतं. मिडलवेटचा आजचा खेळाडू लढतीच्या वेळी १७० च्या वर असणं नवलाचं नाही. ज्या लढतीत गोलोव्किनची २३ नॉकआउटची मालिका तुटली तीच घ्या. मार्च २०१७, समोर डॅनी जेकब्ज. आयबीएफ या किताब देणाऱ्या संघटनेचा नियम असा की लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर या, आणि मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त भरू नका. जेकब्ज गेलाच नाही! तो पट्टा, म्हणजे त्या संघटनेचा किताब, सोडून दिला आणि बाकी संघटनांच्या पट्ट्यांसाठी लढला. रात्री तो किती भरत होता हे ज्याने त्याने ओळखावं. गोलोव्किन जिंकला, पण गुणांवर आणि काठावर.

उलट १९५१ च्या फेब्रुवारीत रॉबिन्सनने जेक लामोटाला तेराव्या फेरीत थांबवून मिडलवेटचा किताब घेतला, तेव्हा त्याचं वजन होतं १५५.५ पौंड. जास्तीचं घटवून नाही बरं का, मुळात तेवढंच. हा माणूस १४७ चा, म्हणजे वेल्टरवेट गटातला. मधला १५४ चा गट तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो १९६२ मध्ये आला. तेव्हा रॉबिन्सनला आजच्या मिडलवेटसमोर उभं करताना तुम्ही खरं तर एका वेल्टरवेटला लाइट हेवीच्या (१७५ पौंड) उंबरठ्यावरच्या माणसासमोर उभं करताय.

म्हणून माझं मत सांगून टाकते, दादांना राग आला तरी चालेल. वेल्टरवेटमध्ये रॉबिन्सनच्या जवळपास कुणी नाही. मिडलवेटमध्ये तो पहिला नाही, आणि माझ्या यादीत दुसराही नाही. मिडलवेटचा किताब त्याने पाच वेळा जिंकला हे सगळे कौतुकाने सांगतात. पण पाच वेळा जिंकायला मध्ये तो जावा लागतो. एकदा निवृत्त होऊन सोडला, ते ठीक. बाकी चार वेळा रिंगमध्ये हरला: टर्पिन, फुलमर, बॅसिलिओ आणि शेवटी पेंडर. मॉन्झॉनने १९७० मध्ये रोममध्ये बेन्वेनुतीला बाराव्या फेरीत आडवं करून किताब घेतला आणि १९७७ मध्ये तो घेऊनच घरी गेला. १९६४ नंतर तो एकही लढत हरला नाही.

पाचवी_फेरी

ताई, हे म्हणजे म्हातारपणाचे पराभव तरुणपणाच्या खात्यात टाकणं झालं. फुलमर, बॅसिलिओ, पेंडर हे सगळे पस्तिशीनंतरचे. पेंडरच्या वेळी तर तो ३८ चा होता. मॉन्झॉन ३४ व्या वर्षी थांबला, त्यानेही अडतिशीपर्यंत खेळून दाखवायचं होतं.

आणि वजनाचंच म्हणाल तर लामोटाशी तो सहा वेळा लढला, दर वेळी वजनात कमी, कधी कधी पंधराएक पौंडांनी. सहापैकी पाच जिंकला.

तिसरी_जज

वयाचा मुद्दा मान्य. पण टर्पिनच्या वेळी तो तिशीचाच होता. युरोपच्या दौऱ्यावर लागोपाठ लढती घेत होता, तयारी अर्धवट होती, हे सगळं खरं. तरी त्या रात्री लंडनमध्ये टर्पिनने त्याला ज्या पद्धतीने हरवलं ते बघा. वाकडातिकडा पवित्रा, अंगाशी आला की दांडगाई, आणि अंगात ताकद जास्त. रॉबिन्सनला पुढे ढकलता येत नव्हतं आणि मागेही नीट सरकता येत नव्हतं. दोन महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने टर्पिनला दहाव्या फेरीत थांबवलं, पण तेव्हा डोळ्यावरची जखम वाहत होती आणि रेफरी कधी थांबवेल याचा भरवसा नव्हता म्हणून त्याने सगळं पणाला लावलं. तरबेज माणूस तो, शंकाच नाही. लामोटाचं म्हणाल तर तो स्वतःहून अंगावर यायचा, रॉबिन्सनला हवा होता तसाच. मॉन्झॉन येत नाही.

मॉन्झॉन दिसायला काही खास नाही, हेच त्याच्या विरोधात जातं. एकदा आवाज बंद करून फक्त त्याचा डावा हात बघा. लांब, सरळ, थोडा सुस्तच वाटतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून तो हात लगेच मागे घेत नाही, समोरच्याच्या तोंडासमोर ठेवून देतो. समोरचा तो बाजूला सारायला हात उचलतो, तेवढ्यात उजवा आलेला असतो. आणि धड मागच्या पायावर रेललेलं, त्यामुळे त्याला मारायला जाल तर चेहरा वाटतो त्यापेक्षा वीतभर दूर. वेल्टरवेटचा विजेता नापोलेस, अप्रतिम खेळाडू, १९७४ मध्ये वर चढून मॉन्झॉनसमोर आला. सहाव्या फेरीनंतर स्टुलावरून उठला नाही. रॉबिन्सन नापोलेसपेक्षा मोठा खेळाडू होता, उंचही होता. तरी मला तिथे तीच गोष्ट दिसते, फक्त तेराव्या-चौदाव्या फेरीपर्यंत लांबलेली.

जुन्या फिती पाहताना एक भान ठेवा. तेव्हा कॅमेरे मोजकेच असायचे, आणि तेही लांबून. रिंगच्या काठाला बसल्यावरसुद्धा खेळाडूची पाठ आपल्याकडे असेल तर ठोसा दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि तो हातावर बसला की बरगडीवर हे समोरच्याच्या गुडघ्यांवरून ओळखावं लागतं. एकाच कॅमेऱ्याच्या चित्रफितीत तर अर्धे पोटातले ठोसे हरवतात. त्यामुळे जुने खेळाडू नुसतं डोक्याला मारतात असा गैरसमज होतो.

कोपऱ्यातलं_स्टूल

छान चाललंय. पण माझा हॅगलर-गोलोव्किनचा प्रश्न तसाच राहिला. आणि पंधरा फेऱ्यांमुळे खरंच एवढा फरक पडतो? तीन फेऱ्या तर जास्त.

निळा_कोपरा

पडतो. हॅगलर-डुरान, नोव्हेंबर १९८३. तेरा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन जजांच्या कार्डांवर डुरान एका गुणाने पुढे होता. चौदावी आणि पंधरावी हॅगलरने ओढून आणली आणि किताब वाचवला. हीच लढत बाराची असती तर तुमच्या यादीत हॅगलरचे किताबाचे १२ बचाव कदाचित नसतेच.

त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी दगावला. डब्ल्यूबीसीने लगेच किताबाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, बाकीच्या संघटना पुढच्या पाच-सहा वर्षांत आल्या. गोलोव्किन बाराच्या पुढे कधी गेलाच नाही. त्याचा दोष नाही, पण तेराव्या फेरीत तो कसा दिसतो हे कुणालाच माहीत नाही.

बचावांच्या आकड्याचंही तसंच. हॉपकिन्सच्या २० पैकी बरेचसे एकट्या आयबीएफच्या पट्ट्याचे. तेव्हा बाकीचे पट्टे दुसऱ्यांच्या कमरेला होते. तीन मोठे पट्टे एकत्र आले २००१ मध्ये, ट्रिनिडाडला बाराव्या फेरीत थांबवल्यावर. ती रात्र मात्र हॉपकिन्सच्या आधीच्या डझनभर बचावांना भारी आहे.

तिसरी_जज

निळा_कोपरा यांनी डुरानचं सांगितलं ते बरं झालं. मी त्याला हॅगलरची शुगर रे लेनर्डशी झालेली लढत जोडते. एप्रिल १९८७, दोघे एकाच काळातले, एकाच रिंगमध्ये. तरीही निम्मी लढत टेबलावर झाली. लेनर्डच्या बाजूने मागणी केली: पंधराऐवजी बारा फेऱ्या, १० औंसांचे ग्लोव्ह्ज, २० फुटी रिंग. हॅगलरने पैशाच्या बदल्यात तिन्ही दिल्या. जवळजवळ तीन वर्षांनी परतलेल्या, पायांवर खेळणाऱ्या माणसाला आणखी काय हवं होतं? त्यावर कडी म्हणजे हॅगलरने सुरुवातीच्या फेऱ्या आपला डावखुरा पवित्रा सोडून उजव्या हाताच्या खेळाडूसारखा उभा राहून घालवल्या. निकाल फुटला, दोन जज लेनर्डकडे, एक हॅगलरकडे. एका जजने तर लेनर्डला ११८-११० दिले. ते कार्ड मला आजही कळलेलं नाही.

तेव्हा 'कोण जिंकेल' याआधी कुठल्या नियमांनी, हे ठरवा. मी जुने नियम धरते: सकाळी वजन, रात्री लढत, पंधरा फेऱ्या.

हॅगलर विरुद्ध गोलोव्किन: दोघांची हनुवटी दगडाची. गोलोव्किन व्यावसायिक लढतीत कधी खाली पडला नाही. हॅगलरच्या नावावर एकच नॉकडाउन, १९८४ मध्ये रोल्डानविरुद्ध, आणि चित्रफितीत तो धड ठोसाही वाटत नाही. म्हणजे नॉकआउट विसरा. गोलोव्किनचा जॅब जास्त जड, पहिल्या सहा फेऱ्या तो घेईल. पण २०१८ च्या दुसऱ्या लढतीत कॅनेलो अल्वारेझने त्याला मागे रेटलं तेव्हा तो निम्मा झाला होता. हॅगलर रेटतो, आणि रेटता रेटता पाय बदलून दुसऱ्याच बाजूने येतो. हर्न्सविरुद्ध कपाळ फुटून रक्त डोळ्यांत येत असताना, डॉक्टरने तपासून सोडल्यावर त्याने लगेच लढत संपवली. हॅगलर, गुणांवर, दोन-तीन फेऱ्यांच्या फरकाने. आजच्या नियमांनी, म्हणजे आदल्या दिवशी वजन आणि बाराच फेऱ्या, मी गोलोव्किनकडे झुकेन.

हॅगलर विरुद्ध मॉन्झॉन: मॉन्झॉन, पंधरापैकी ८-७ फेऱ्यांनी. हॅगलरला अंगावर येणारा माणूस लागतो. डुरान आणि लेनर्ड आले नाहीत, तिथे तो विचार करत बसला. मॉन्झॉनही येणार नाही.

पाचवी_फेरी

८-७ म्हणजे तुम्ही स्वतःच घाबरत मत देताय :) मॉन्झॉनसमोर हॅगलरच्या तोडीचा, बाजू बदलणारा डावखुरा कधी उभा राहिला होता सांगा. तो ठेवून दिलेला डावा हात डावखुऱ्यासमोर चालत नाही, समोरच्याचा उजवा हात तिथे आधीच असतो.

तिसरी_जज

हा आक्षेप खरा आहे, म्हणून तर ८-७. नाहीतर १०-५ दिले असते. पण मॉन्झॉन सरळ उजवा मारतो, आणि डावखुऱ्याला सगळ्यात जास्त त्रास त्याच ठोशाचा होतो. शिवाय १९७७ च्या शेवटच्या लढतीत वाल्देझने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं होतं. उठला, आणि पंधरा फेऱ्या खेळून जिंकला. बिघडलेली लढत सावरता येणारा माणूस आहे तो.

कोपऱ्यातलं_स्टूल

दादाने सगळं वाचलं. रॉबिन्सनवरचं वाचून उठून गेला, परत येऊन विचारतोय की हॅरी ग्रेबला का वगळलं.

निळा_कोपरा

वगळलं नाही हो, बघायलाच काही नाही. १९२३ ते २६ चा विजेता, तीनशेच्या आसपास लढती, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नसताना. जीन टनीला हरवणारा एकमेव माणूस. पण त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत नाही, सरावाची एक छोटीशी आहे तेवढीच. कित्येक निकाल तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी दिलेले, कारण अनेक ठिकाणी अधिकृत निकाल द्यायचीच सोय नव्हती. टनी पुढे हेवीवेटचा विजेता झाला आणि त्याला आधीचा विजेता डेम्प्सीदेखील हरवू शकला नाही, एवढ्यावरून ग्रेबला पहिल्या पाचांत घ्यायला माझी हरकत नाही. पण तो मॉन्झॉनचा जॅब कसा चुकवेल ते कुणी सांगायला लागला तर समजा थापा मारतोय.

तिसरी_जज

ग्रेबबद्दल सहमत. हॉपकिन्स विरुद्ध मॉन्झॉनबद्दल मला निरोपातून दोघांनी विचारलंय, ते इथेच सांगते: मॉन्झॉन, पण त्या रात्री जज म्हणून माझं नाव लावू नका. पंधरा फेऱ्या दोघं एकमेकांना काही करू देणार नाहीत.